जुन्या रिव्हॉल्वरची किंमत



वस्तू वापरली की तिची किंमत उतरते, हा बाजाराचा साधा नियम. सायकल घ्या, शिवणयंत्र घ्या. परवान्याचे रिव्हॉल्वर मात्र आपल्या देशात या नियमाला अपवाद ठरले आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे जुने .32 बोअरचे रिव्हॉल्वर कानपूरच्या सरकारी कारखान्यातील कोऱ्या रिव्हॉल्वरहून महाग विकले जाते. याचे कारण नुसत्या विलायती पोलादात शोधू नये. ते कायद्याच्या इतिहासात आहे.

1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची बंदी केली. गोऱ्यांना त्यातून सूट होती. ही टंचाई मुद्दाम केलेली होती. तिची झळ आपल्या गावाने पाहिली आहे. सप्टेंबर 1929 मध्ये भगवानदास माहौर व सदाशिवराव मलकापूरकर हे क्रांतिकारक भुसावळ स्टेशनावर शस्त्रांसह पकडले गेले. फेब्रुवारी 1930 मध्ये माहौरांनी जळगावच्या कोर्टात, गुपचूप मिळवलेल्या पिस्तुलातून माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. त्या काळी हत्याराची किंमत रुपयांत नव्हे, तुरुंगाच्या वर्षांत मोजावी लागे.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. गोऱ्याकाळ्याचा भेद गेला, परवाना राहिला. पुढे 1980 नंतरच्या दशकात सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आणणे बंद झाले. नवा विलायती माल येईना आणि घेणाऱ्यांची हौस हटेना. मग आहे त्याचाच भाव चढला. कानपूरने 2014 साली ‘निर्भीक’ काढले, तेही सव्वा लाखाच्या घरात.

अमेरिकेत नवे रिव्हॉल्वर सहज मिळते, म्हणून साधे जुने तेथे स्वस्त असते. पण कोल्ट कंपनीने 1955 पासून चालवलेले ‘पायथन’ 2005 मध्ये बंद केले, तेव्हा तेथेही जुन्या पायथनचे भाव चढले. बंदी सरकारची असो की कारखान्याची, परिणाम एकच.

आता हिशेब पाहा. बर्मिंगहॅमच्या कारागिराची मजुरी केव्हाच चुकती झाली. पुढच्या भाववाढीत त्याला पैचाही वाटा नाही. ती कोणाच्याही घामातून आलेली नाही. म्हणून रिव्हॉल्वरला ठेव समजणाऱ्याने सावध असावे. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडील हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि तिसरे सोडणे भाग पडले. उद्या आयात खुली झाली तर कपाटातली श्रीमंतीही तशीच उतरेल.