छायाचित्राखालील नांव

पोथीच्या अखेरीस पुष्पिकेंत जें नांव आढळतें तें ताडून पाहिल्यावांचून कर्त्याचें म्हणून धरूं नये, हें संग्राहक वाचकांस सांगावयास नकोच. नकलकार कर्त्याच्या आसनावर जाऊन बसल्याचे दाखले आपण पदोपदीं पाहतों. वृत्तपत्रांतील छायाचित्रांविषयीं मात्र हा विवेक आपण बाळगीत नाहीं. जुनें कात्रण हातीं आलें कीं त्याखालील नांव निमूटपणें टांचणवहींत उतरतें. आम्हीही आजवर तसेंच करीत आलों.

होमाई व्यारावाला या हिंदुस्थानांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. जन्म ९ डिसेंबर १९१३, नवसारी. वडील पारशी-उर्दू रंगभूमीवरील नट. शिक्षण मुंबईस, त्यांत जे. जे. कलाशाळाही आली. कॅमेरा हाताळावयास त्या माणेकशा व्यारावाला यांजकडून शिकल्या व पुढें त्यांच्याशींच विवाहबद्ध झाल्या. त्यांचीं आरंभींचीं चित्रें 'बाँबे क्रॉनिकल'नें घेतलीं. मोबदला चित्रामागें एक रुपया. पण बाईंचें नांव अपरिचित, आणि बाईमाणसानें असलें काम करावें हेंही अपरिचित. म्हणून त्या काळचीं कित्येक चित्रें माणेकशांच्या नांवानें छापून आलीं. यांत चोरी कोणाचीच नाहीं; घरांतल्या घरांत झालेली सोय ती. परंतु उत्तरकालीन अभ्यासकाच्या दृष्टीनें पुरावा बिघडला तो बिघडलाच.

पुढें त्यांनीं 'डालडा १३' हें टोपणनांव घेतलें. जन्मसाल १९१३, भावी पतीची भेट तेराव्या वर्षीं, आणि मोटारीचा क्रमांक डीएलडी १३. खुद्द बाईंनींच उलगडा सांगितला नसता तर या मुद्रेवर आपल्यापैकीं किती जणांनीं किती तर्क लढविले असते, कोण जाणे!

१९४२ सालीं हें दांपत्य ब्रिटिश माहिती खात्याच्या कामानिमित्त दिल्लीस गेलें. साडी नेसून कॅमेरा घेऊन फिरणारी ही बाई हौसेखातर मिरवते आहे, अशी पुष्कळांची समजूत असे. त्यामुळेंच, असें त्या सांगत, नाजुक ठिकाणींही त्यांना कोणी अडवीत नसे. जून १९४७ मध्यें फाळणीच्या योजनेवर हात वर करून मत देणारे काँग्रेसजन त्यांनीं टिपले. विमानतळावर 'छायाचित्रें काढण्यास सक्त मनाई' अशा पाटीशेजारीं उभे असलेले पंडित नेहरूही त्यांनींच टिपले. पहिलें चित्र दप्तरांतील ठरावास जोड देतें. दुसऱ्यांतलें कांहींच दप्तरांत सांपडणार नाहीं, आणि आमच्या मतें अधिक मोलाचें तेंच.

एका लढाईचा निर्णय करावयाचा तर आपण बखर, फारसी अखबार, इंग्रजांचीं व पोर्तुगिजांचीं पत्रें शेजारीं शेजारीं ठेवतों. एकाच छावणींतले दहा कागद मिळाले तरी साक्ष एकच. वृत्तपत्राच्या कचेरीसही हाच निकष लागतो. कॅमेरा कोणाच्या हातीं होता आणि चित्रें निवडणारे कोण होते, हें न विचारतां त्या गठ्ठ्यांवर विसंबणें धोक्याचें. सगळे एकाच थरांतले असतील तर जें त्यांच्या नजरेंत भरलें नाहीं तें छापिलेंच गेलें नाहीं.

माणेकशा १९६९ सालीं वारले. पुढच्याच वर्षीं बाईंनीं व्यवसाय सोडला. २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें, आणि १५ जानेवारी २०१२ रोजीं बडोदें येथें त्या निवर्तल्या. त्यांचा चित्रसंग्रह अल्काझी प्रतिष्ठानाकडे आहे. तथापि ज्या संग्राहकांपाशीं १९४२ पूर्वींचीं मुंबईचीं कात्रणें वा मूळ प्रती असतील, त्यांनीं प्रतींच्या पाठीवरील शिक्के व हस्ताक्षर एकवार तपासून पाहावे. आमच्या वहींत माणेकशांच्या नांवापुढें आम्ही शिसपेनीनें प्रश्नचिन्ह घातलें आहे. शाईनें घालण्याइतकी खातरी अद्याप झालेली नाहीं.