सेकंडहँड टर्बो आणि दोन मिनिटांचा दम

मागच्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, एक गाडी बघितलीये. फोटो पाठवतो. आईला सांगू नकोस हं."

आता "आईला सांगू नकोस" म्हटलं की कुठल्याही मामाच्या पोटात गोळा येणारच! आमच्या धडगावात रेंज मनात असेल तेव्हाच येते, त्यामुळे फोटो उघडायला बराच वेळ लागला. उघडला तर लालभडक, जमिनीला टेकलेली, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी गाडी. डीसी अवंती! जुनी असल्याने किंमत बरीच उतरलेली, आणि भाच्याचं डोकं बरंच फिरलेलं :)

पैसे कुठले, विचारलं. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बाबांच्या पीएफचे." भाऊजी गेल्यावर ताईने ते त्याच्या घरासाठी बाजूला ठेवले होते.

त्याला फक्त माझा होकार हवा होता. पण माझ्या होकाराचा एक इतिहास आहे, तो त्याला माहीत नाही.

2011 साली भाऊजींना एक जुनी टर्बो डिझेल जीप मिळत होती. टायर नवे, रंग चकचकीत, कागद पूर्ण. भाऊजी बिचकत होते. मीच म्हटलं, "घ्या हो, मी सांगतो ना!" चार महिन्यांनी तळोद्याहून येताना चांदसैली घाटात गाडीने निळा धूर सोडला आणि निम्म्या चढावर ती बसली. शहाद्याच्या मिस्त्रीने टर्बो खोलला, आतला दांडा बोटाने हलवून दाखवला. तो खुळखुळत होता. तेल जाण्याच्या वाटेत काळा कोळसा. मिस्त्रीने एकच प्रश्न विचारला, "आधीचा मालक घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करायचा का?"

आम्हाला काय ठाऊक! तेव्हापासून मी या टर्बोच्या मागे लागलो.

तर मंडळी, टर्बो ही मुळात काटकसरी माणसाला सुचावी अशी कल्पना. इंजिनाचा धूर नळीतून वाया जातो, त्या धुरानेच एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त, म्हणजे ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 मध्ये याचं पेटंट घेतलं. पण धुराच्या उष्णतेत टिकेल असं यंत्र बनवून ते डिझेल इंजिनावर नीट चालवून दाखवायला त्याला पुढची वीस वर्षं लागली. भरवशाचा प्रश्न म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा!

आम्हा डोंगरातल्या लोकांना आवडेल असा एक प्रसंग 1918 चा. सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने विमानाचं इंजिन पाइक्स पीक या सुमारे 14,000 फूट उंचीच्या डोंगरावर नेलं. वर हवा विरळ, इंजिनाला धाप लागते. टर्बो लावल्यावर गेलेली ताकद परत आली. आमचं तोरणमाळ त्यापुढे टेकडीच म्हणायची, पण तत्त्व तेच. टर्बो म्हणजे इंजिनाला उसना दिलेला दम.

उसना दम मोटारीत आला 1962 मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबील जेटफायर ही दोन दारांची टर्बो गाडी निघाली. इंजिनात अवेळी स्फोट होऊ नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण थोडं थोडं आत सोडायची सोय होती. त्याची वेगळी टाकी मालकाने भरत राहायची. लोकांनी ती भरलीच नाही! टाकी रिकामी झाली की गाडीच आपली ताकद कमी करायची, आणि मालक म्हणायचे गाडी बिघडली. दोन वर्षांत दहा हजारही गाड्या बनल्या नाहीत. शेवटी 1965 मध्ये कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कल्पना चांगली होती, धातू चांगला होता, मालकाची सवय मात्र कुणी हिशोबात धरली नव्हती.

आमच्या जीपचंही तेच. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. घाट चढून आल्यावर एका बाजूचं चक्र भट्टीसारखं तापलेलं असतं. तेव्हाच किल्ली फिरवली की तेलाचा प्रवाह थांबतो, आतलं तेल जळतं आणि त्याचा कोळसा होतो. दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर हे टळतं. पुढे बऱ्याच गाड्यांत टर्बोभोवती पाणी खेळवायची सोय आली, धोका कमी झाला, पण संपला नाही. घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी आमचे जुने ड्रायव्हर उतरतात, पण इंजिन लगेच बंद करत नाहीत. एकाला विचारलं तर म्हणाला, "सर, तिलाबी दम खाऊ द्या ना!" ब्यूखीचं नावही ऐकलेलं नाही त्याने.

असो. अवंतीकडे वळू. दिलीप छाब्रियांनी ती 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली. भारतातली स्पोर्ट्स कार म्हणून केवढं कौतुक झालं! मलाही ऊर भरून आला होता. 2 लिटरचं रेनॉचं टर्बो पेट्रोल इंजिन सीटच्या मागे, ताकद 250 अश्वशक्ती. पण गाड्या थोड्याच बनल्या. इंजिन परदेशी, बॉडी कंपनीची स्वतःची, म्हणजे एखादा दिवा फुटला तरी शोधाशोध. आणि डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रियांना अटक केली. एकाच इंजिन-चॅसिस क्रमांकावर एकाहून जास्त नोंदण्या आणि कर्जं, असा आरोप होता. खरंखोटं ठरवणं कोर्टाचं काम. पण जुनी गाडी घेणाऱ्याने चॅसिसवर कोरलेला नंबर, आरसी बुकावरचा नंबर आणि कर्जाची नोंद तिन्ही स्वतः ताडून बघायलाच हवं.

भाच्याला मी नाही म्हटलं नाही. तीन गोष्टी सांगितल्या. एक, नंबर आणि कर्ज तपास. दोन, इंजिन ऑइल बदलल्याची सगळी बिलं माग, शेवटचं एक नको, पहिल्यापासूनची. तीन, मालकाला आधीच सांग की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, कारण थंड गाडी सुरू होताना जो धूर सोडते तो खोटं बोलत नाही. आणि मग भाऊजींच्या जीपची गोष्ट सांगितली. दुरुस्तीचा खर्च त्यांनी कसा गुपचूप भरला आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेही. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

रविवारी रात्री त्याचा मेसेज आला. "मामा, नंबर जुळले. बिलं दोनच मिळाली. मागच्या झाकणाला हात लावून पाहिला, इंजिन गरम होतं."

खाली आणखी एक ओळ होती. "आईला फोन करतोय."