*९९# : मोबाइलने घेतलेलं मॉडेमचं सोंग

लॅपटॉपला नेट हवं असलं की आपण मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतो आणि कामाला लागतो. ह्यात कसला आलाय इतिहास? आहे मंडळी, आणि बराच मजेदार आहे. २००३ ते २०१० च्या काळात पुण्याच्या वेशीवर राहून आयटीत नोकरी केलेल्यांना *९९# हा नंबर आठवत असेल. त्यावर पलीकडे कोणी फोन उचलायचं नाही, पण तो 'डायल' केल्याशिवाय नेटही लागायचं नाही. असं का?

त्यासाठी १९८१ मध्ये जावं लागेल. त्या वर्षी अमेरिकेतल्या हेज कंपनीने 'स्मार्टमॉडेम' बाजारात आणला. तोपर्यंत बहुतेक वेळा नंबर माणसाने फिरवायचा, शिट्टी ऐकू आली की मग मॉडेम जोडायचा. हेजच्या मॉडेमला कॉम्प्युटर स्वतःच हुकूम सोडू लागला. प्रत्येक हुकमाची सुरुवात 'एटी' ने, म्हणजे 'अटेन्शन'. आपल्या शाळेतल्या 'सावधान' सारखं. एटीडी म्हणजे नंबर फिरव, एटीएच म्हणजे फोन ठेव. वेग किती, तर सेकंदाला ३०० बिट! पुढे कंपनी बुडाली, पण भाषा टिकली, कारण बाकीच्या सगळ्यांनी तीच उचलली.

नव्वदच्या दशकात जीएसएम मोबाइल आले, तेव्हा त्यांनाही हीच भाषा शिकवली गेली. सुरुवातीला डेटासाठी खराखुरा कॉल लागायचा, वेग ९.६ केबीपीएस आणि बिल मिनिटावर. मग जीपीआरएस आलं. ह्यात कॉल नसतोच, डेटाची छोटी छोटी पाकिटं जातात. पण विंडोजला नेट म्हणजे 'नंबर फिरव' एवढंच ठाऊक! मग तोडगा निघाला. विंडोजने *९९# फिरवायचा आणि मोबाइलने समजून घ्यायचं की कॉल नकोय, जीपीआरएस हवंय. रिलायन्सच्या सीडीएमए फोनवर हेच काम #७७७ करायचा. थोडक्यात काय, तर मोबाइल जुन्या मॉडेमचं सोंग घेऊन बसायचा आणि विंडोज बिचारं फसायचं.

फसायचो आपणही. स्क्रीनच्या कोपऱ्यात '४६०.८ केबीपीएस' असं ऐटीत झळकायचं. तो वेग लॅपटॉप ते मोबाइल एवढाच. पुढे हवेत जेमतेम ३०-४०. म्हणजे एक एमबीची फाइल उतरायला तीन-चार मिनिटं, आणि १० केबीला १० पैसे असा दर असला तर त्या एका एमबीचे दहा रुपये.

एवढा उपद्व्याप कोणी का करावा? ह्याचं उत्तर मांजरीसारख्या गावात सापडतं.

हडपसरच्या पुढे, मुळा-मुठेच्या काठचं हे गाव. ओळख ऊस आणि द्राक्षांची. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलीच, आणि १९९७ पासूनचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथलंच. २००० नंतर शेजारी मगरपट्टा सिटी उभी राहिली आणि परवडणारं घर शोधणाऱ्यांची नजर आसपासच्या गावांकडे वळली. २००५ मध्ये ब्रॉडबँड सुरू झालं खरं, पण ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. एक्स्चेंजपासून जितकं लांब जावं तितका त्या तारेतला सिग्नल क्षीण होत जातो. चार-पाच किलोमीटरनंतर हाती फारसं काही उरत नाही. शिवाय उसाच्या फडाशेजारी नवी बिल्डिंग उठली, तर तिथवर तार आधीच कोण टाकून ठेवणार? वेशीवरच्या अशा घरांसाठी ठरलेलं उत्तर असायचं, 'फीजिबल नाही'.

मोबाइलच्या टॉवरला मात्र घराघरापर्यंत रस्ता खणावा लागत नाही. लोडशेडिंग असलं तरी लॅपटॉपची बॅटरी आणि मोबाइल तग धरायचे. आणि रात्री अकराला सर्व्हर बंद पडला तर लॉगिन करून चार कमांड मारायला ३० केबीपीएस पुरायचे. अक्षर टाइप केलं की क्षणभराने उमटायचं, पण उमटायचं. तेवढ्यावर लोकांनी इथे घरं घेऊन नोकऱ्या केल्या.

आता खरा मुद्दा. हा डेटा कुठल्या स्क्रीनवर वापरायचा, हे कोणी ठरवायचं? एअरटेलचंच बघा. फोनवरच्या 'लाइव्ह' साठी एक सेटिंग होतं आणि पूर्ण इंटरनेटसाठी दुसरं, वेगळ्या पैशांचं. मग आले डाँगल. डाँगल म्हणजे स्क्रीन आणि कीपॅड काढून टाकलेला मोबाइलच की! जे खिशात होतं तेच आपण पुन्हा, वेगळ्या सिमसकट, विकत घेतलं.

जून २००९ मध्ये आयफोनला टिदरिंग मिळालं आणि मे २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत हॉटस्पॉट आला. इथे मोबाइलने मॉडेमचं सोंग सोडलं आणि तो राउटर झाला. लॅपटॉप त्याच्या मागे लपतो, पण पूर्ण नाही. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि तो प्रत्येक राउटरपाशी एकाने कमी होतो. फोनचं स्वतःचं पाकीट सहसा ६४ घेऊन निघतं. मागच्या लॅपटॉपचं मात्र ६३ किंवा १२७ होऊन बाहेर पडतं. कंपनीला कळायला एवढं पुरे. अमेरिकेत टिदरिंगची ॲप्स अडवल्याच्या प्रकरणात व्हेरायझनने २०१२ मध्ये १२.५ लाख डॉलर भरून चौकशी मिटवली. आपल्याकडे २०१७ मध्ये आलेल्या स्वस्त जिओफोनमध्ये सुरुवातीला हॉटस्पॉट नव्हता. ज्याला दुसरं कनेक्शन परवडत नाही, नेमका त्याचाच डेटा त्या छोट्या स्क्रीनवर अडकला.

मार्च २०२० मध्ये सगळं घरात बंद झालं तेव्हा कितीतरी घरांत शाळा आणि ऑफिस एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चाललं. जून २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक महापालिकेत आलं. आता सोसायट्यांत फायबरही येतंय. पण रस्ता खणताना ती केबल तुटली की हात जातो तो मोबाइलकडेच.

शहर आधी पोचतं, तारा मागून येतात. मधली वर्षं काढायला हा जुगाड होता, आणि म्हणूनच ज्याने डेटाचे पैसे मोजले त्याने तो कुठल्याही स्क्रीनवर वापरावा, हा हक्क मला साधा वाटत नाही. तो नसता तर वेशीवरच्या अनेकांना ही नोकरीसुद्धा 'फीजिबल नाही' असंच ऐकावं लागलं असतं.