शेवटचा फर्लांग : कोकण किनाऱ्यावरील पडाव आणि पडाववाले

परभणीकर श्रोत्यांपुढे समुद्राविषयी बोलायला उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. आपले पाणी म्हणजे गोदावरी, पूर्णा आणि दुधना. तेही वर्षातून किती महिने, हे मी आपणांस सांगायला नको. १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात आपला जिल्हा होता त्या राज्याला किनाराच नव्हता. निजामाने गोव्यातील मुरगाव बंदर मिळविण्याची खटपट करून पाहिली. ती साधली नाही, आणि माझ्या मते ते ठीकच झाले. पण किनारा नसला म्हणजे समुद्राशी संबंध नसतो असे थोडेच आहे? मानवत-सेलूच्या बाजारातला कापूस रेल्वेने मुंबईच्या गिरण्यांकडे जाई, आणि तिथे त्या कापसाचे सूत काढणारा, ते मागावर चढविणारा कामगार मोठ्या संख्येने तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला असे. आपला शेतकरी आणि तो कामगार यांची गाठ कधी पडली नाही. त्यांच्यामध्ये कापसाची गासडी तेवढी होती. हा कामगार मुंबईला कसा येई आणि शिमग्याला घरी कसा जाई, एवढाच आजचा विषय आहे.

तो बोटीने जाई, हे सर्वांस ठाऊक आहे. कोकणातून आगगाडी धावू लागली ती १९९० च्या दशकात, आणि सबंध मार्ग खुला झाला तो १९९८ साली. तोपर्यंत, विशेषतः घाटातले रस्ते होण्यापूर्वी, बोट हाच कोकणी माणसाचा राजमार्ग. आगबोटींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि आगबोट बंदरात आली म्हणजे उतारू गावात पोहोचला, असा एक समज या लिखाणातून होतो आणि तो साफ चुकीचा आहे. हर्णै, जयगड, मुसाकाजी, देवगड, मालवण, वेंगुर्ले यांसारख्या ठिकाणी बोट किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. तिथून जमिनीपर्यंतचे अंतर उतारूने पडावातून कापायचे. पडाव म्हणजे वल्ह्यांनी किंवा शिडाने चालणारी, रुंद पोटाची मोठी होडी. आज आपण ज्याविषयी बोलणार आहोत तो हा शेवटचा फर्लांग.

बोट किनाऱ्याला का लागत नसे? कोकणातल्या खाड्या डोंगरातून गाळ घेऊन येतात आणि समुद्राला मिळताना तोंडाशी वाळूचा दांडा घालतात. राजापूरचे उदाहरण घ्या. शिवकाळात जिथे इंग्रजांची वखार होती ते राजापूरचे बंदर गाळाने भरून गेले, आणि आगबोटीच्या काळात राजापूरकराला खाडीच्या तोंडाशी असलेल्या मुसाकाजीपर्यंत खाली यावे लागले. मालवणला निराळीच अडचण. तिथे पाण्याखाली खडकच खडक. शिवाजीमहाराजांनी सिंधुदुर्गासाठी हेच बेट का निवडले असेल, ते नकाशा पाहिला की उमगते. जो खडक शत्रूच्या गलबताला अडवितो तोच उतारूच्या आगबोटीलाही अडवितो. त्यात भरती-ओहोटीची भर. मुंबईला मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची चढउतार चौदा-पंधरा फुटांची होते. दक्षिणेकडे ती कमी होत जाऊन सहा-सात फुटांवर येते. उथळ बंदरात सहा फूटसुद्धा पुष्कळ झाले.

पण सारा दोष निसर्गावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. मुंबई बंदरही एके काळी असेच होते. जहाजे मध्ये उभी राहत आणि माल व माणसे होड्यांनी धक्क्यावर येत. पुढे कापसाचा व्यापार वाढला, सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला, आणि १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक उभे राहिले. कापसाची गासडी होडीत भिजू नये म्हणून पैसा निघाला. कोकणातल्या बंदरांतून निघत होता तो मुख्यतः माणूस, आणि माणूस भिजला तर वाळतो. त्यामुळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या पडाव चालला.

गंमत पाहा. या देशात होडीतून उतरणाऱ्यांसाठी बांधलेली सर्वांत मोठी कमान मुंबईतच आहे. पंचम जॉर्ज बादशहा २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर लाँचमधून उतरला, त्याचे स्मारक म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. बादशहा आला तेव्हा कमान झालेली नव्हती. ती पुरी होऊन उघडली गेली १९२४ साली. गांधीजी ९ जानेवारी १९१५ रोजी आफ्रिकेतून परत आले तेही याच अपोलो बंदरावर उतरले, आणि तिथे उतरू देणे हा त्या काळी बहुमान समजला जाई. म्हणजे तीच होडी कुणाला बहुमान होती आणि कुणाला नाइलाज.

आता प्रत्यक्ष उतरणे कसे असे ते पाहू. माझे वय पन्नाशी ओलांडलेले असले तरी आगबोटीचा काळ मी पाहिलेला नाही. पण संघटनेच्या कामासाठी मुंबईला जाणे-येणे होई, तेव्हा गोदीतल्या आणि गिरणीतल्या जुन्या कोकणी कामगारांकडून हे तासन्‌तास ऐकले आहे. बोट पुष्कळदा रात्री-अपरात्री बंदरावर येई. तिचा भोंगा वाजला की किनाऱ्यावर कंदील हलू लागत आणि पडाव निघत. पडाव येऊन बोटीच्या कुशीला लागला म्हणजे खरी कसोटी. आगबोट जड, ती संथ डोलते. पडाव हलका, तो लाटेबरोबर एकदा वर येतो आणि एकदा पुरुषभर खाली जातो. पडाव वर येऊन क्षणभर ठरतो तेवढ्यातच पाऊल टाकायचे. पाऊल आधी पडले तर खाली पोकळी, उशिरा पडले तर पडाव पायाखालून निघून गेलेला. केव्हा उतरायचे हे उतारूने ठरवायचे नसे. ते टांडेल ठरवी. तो ओरडेपर्यंत थांबायचे आणि ओरडला की विचार करायचा नाही. दोन खलाशी दोन्ही बाजूंनी उभे राहत आणि उतारूचा पंजा न धरता मनगट धरत. ओला पंजा निसटतो, मनगटाला मनगट धरले की सुटत नाही. पोरे हातोहात खाली येत, म्हाताऱ्या बायांना अक्षरशः उचलून घेत, आणि मग वळकट्या, ट्रंका, फणसाच्या दिवसांत परतीच्या वाटेवर फणस. कित्येक ठिकाणी पडावही वाळूपर्यंत पोहोचत नसे. मग गुडघाभर पाण्यात उतरायचे, नाहीतर खलाशाच्या खांद्यावर बसायचे. हर्णैला उथळ पाण्यात उभ्या राहिलेल्या होड्यांतली मासळी बैलगाडीने किनाऱ्याला आणतात, यावरून तिथल्या पाण्याची कल्पना करावी.

हे काम करणारे लोक म्हणजे खारवी, कोळी, गाबीत, दालदी. दालदी हे रत्नागिरीकडचे मुसलमान दर्यावर्दी. जन्मापासून पाण्यावर वाढलेली ही माणसे. त्यांचे कौशल्य कुठल्या शाळेत शिकविले जात नव्हते आणि म्हणूनच, मला वाटते, कुठल्या वेतनश्रेणीत बसत नव्हते. मी ज्यांच्याकडून ऐकले त्यांच्या बंदरावर तिकीट कंपनीचे असे आणि पडाव ठेकेदाराचा. उतारू पडला-झडला तर कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवी, ठेकेदार समुद्राकडे. मे महिना संपत आला की बंदरे बंद; ती उघडत पाऊस सरल्यावर. ते चार महिने वल्हेवाल्याला मजुरी नाही. आपल्या मोंढ्यातील हमालांना हे चित्र ओळखीचे वाटेल. माल आला तर काम, काम झाले तर दाम, आणि मालक कोण असे विचारले तर सगळ्यांची तोंडे निरनिराळ्या दिशांना.

गोदी कामगारांसाठी १९४८ साली केंद्राचा कायदा झाला. त्याने मोठ्या बंदरांतल्या कामगारांच्या नोंदणीची आणि कामाच्या हमीची वाट मोकळी केली. हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची वर्षांची मेहनत होती. पडाववाला दोन्हींच्या मधोमध तरंगत राहिला. तो ना गोदीतला, ना बाजारातला. संघटना बांधायची म्हणजे आधी एका जागी माणसे जमावी लागतात. इथे एकेका बंदरावर मूठभर माणसे आणि बंदरे शेदीडशे मैलांवर पसरलेली. यात त्यांचा दोष मी धरत नाही.

स्वदेशीच्या काळात एक आशा दिसली होती. शेपर्ड कंपनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परक्या कंपनीशी टक्कर द्यायला एतद्देशीयांनी आगबोट कंपनी काढली. लोक तिला जिव्हाळ्याने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, आणि तिच्या बोटींना संतांची नावे होती. तिकडे दक्षिणेत तुतिकोरीनला चिदंबरम् पिळ्ळे यांनी १९०६ साली स्वदेशी आगबोट कंपनी काढली. ते नुसत्या बोटी काढून थांबले नाहीत; १९०८ च्या आरंभी तिथल्या कोरल गिरणीच्या संपात ते कामगारांच्या पाठीशी उभे राहिले आणि तुरुंगात गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्यांतले किती जण पडावातून चढून मुंबईस आले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

स्वदेशी झाली तरी समुद्र माफ करीत नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते; मुंबईला बातमी कळायला संध्याकाळ झाली. जी माणसे वाचली त्यांतली काही पोहून, तर काही कोळ्यांच्या होड्यांनी किनाऱ्याला लागली. ज्यांच्या होडीला आपण लहान म्हणतो त्यांनीच मोठ्या बोटीची माणसे आणली. आणि हे सारे जुने झाले असे म्हणावे, तर १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा माणसे प्राणांस मुकली. अंगात जीवरक्षक जाकीट किती जणांच्या होते, हा प्रश्न तेव्हाही अपघातानंतरच विचारला गेला.

परभणीचा या शेवटच्या फर्लांगाशी आणखी एक संबंध आहे. आपल्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला जमणाऱ्या कित्येक कुटुंबांतले आजे-पणजे हजला गेले ते मुंबईहून जहाजाने. हा समुद्रमार्ग १९९५ पर्यंत चालू होता. जेद्दाच्या बंदरापुढे प्रवाळाचे खडक असल्याने तिथेही जहाजे दूर थांबत आणि यात्रेकरू ‘संबूक’ नावाच्या होड्यांतून किनाऱ्याला येत. धक्का झाला तो १९५० च्या सुमारास. म्हणजे ज्याने कधी गोदावरीखेरीज पाणी पाहिले नाही अशा आपल्या म्हाताऱ्यालाही तिथे मालवणच्या चाकरमान्यासारखेच पाऊल टाकावे लागले.

हल्ली मोठमोठी सहलीची जहाजे हजारो प्रवासी घेऊन हिंडतात. त्यांनाही पुष्कळ बंदरांत हाच पेच पडतो. ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटावर कडा सरळ पाण्यात उतरतो. जहाज बाहेर थांबते आणि माणसे होड्यांनी येतात. तिथे जहाजाच्या स्वतःच्या होड्या न वापरता गावच्या नावाड्यांच्या संघटनेच्या होड्या वापराव्या लागतात. हे वाचले तेव्हा संघटनेचा माणूस म्हणून मला फार बरे वाटले. कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांवर तर ३० एप्रिल २०२५ रोजी जहाजांसाठी धक्का बांधावा की नाही यावर सार्वमत झाले आणि बहुमताने धक्का नाकारला. प्रवासी होडीनेच येत राहिले. त्यांचे बरोबर की चूक हे मी इथून सांगणार नाही. धक्का नको म्हणण्यात प्रवाळ वाचविण्याचा विचारही होता. पण गावाला निदान विचारले गेले.

कोकणात विचारले कुणी नाही. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या शेवटच्या बोटी फिरत होत्या तोवर एस. टी. घाट उतरून गावोगाव पोहोचली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बोटींची नियमित वाहतूक थांबली, आणि तिच्याबरोबर पडावही थांबले. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपाची मोजदाद झाली, त्यावर पुस्तके झाली, घरांसाठी अर्ज तरी भरून घेतले गेले. पडाववाल्याचे काम कोणत्या तारखेला सुटले हे सांगणारा कागदच नाही, कारण ते कोणत्या तारखेला लागले हे सांगणाराही कागद नव्हता.

त्या वेळी वल्ह्यावर बसणारे जे तिशीतले होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. आपल्यापैकी पुष्कळ मंडळी दिवाळीच्या सुटीत मालवणला जातात, सिंधुदुर्ग पाहतात. जेटीवरून किल्ल्यापर्यंत आपल्याला होडी नेते. त्या होडीवाल्यांची आज संघटना आहे. पावसाळ्यात त्यांचेही काम बंदच असते. किल्ल्याच्या पायरीला होडी लागली की एखादा म्हातारा उतारूचे मनगट धरताना दिसेल. त्याला थोडी फुरसत असली तर विचारून पाहावे : बोटीच्या वेळी पडावाचे भाडे किती घेत, आणि त्यातले वल्ह्याला किती मिळत?