वऱ्हाडची गव्हाण



नाताळ हा साहेबांचा सण, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. आमचे म्हणणे निराळे आहे. जो आपल्या हातांनी घर सजवतो, सण त्याचा होतो. आणि या न्यायाने नाताळ वऱ्हाडचाही आहे.

तो येथे आला मात्र आगगाडीने. मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या कापसावर होती. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोचला. धामणगाव हे यवतमाळचे स्टेशन. मुंबई-नागपूर मार्गाने येणारा पाहुणा येथे उतरे आणि पुढे सुमारे ४५ किलोमीटर सडकेने जाई. त्या यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशनचे ठाणे झाले. १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरीही तेथेच होती. ज्या वाटेने कापसाच्या गाठी बाहेर गेल्या, त्याच वाटेने नाताळ आत आला.

परंतु आला तसा तो राहिला नाही. कागदी चांदणीचे मूळ जर्मनीतील एका शाळेत. येथे ती दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी जाऊन बसली. दारी सडा-सारवण, रांगोळी, आंब्याच्या पानांचे तोरण. घरात करंज्या, चकल्या, अनारसे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी तर उपासनेत भजन-कीर्तनच आणले.

आणि गव्हाण? इटलीतील ग्रेचो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसने खरे गवत आणि खरी जनावरे आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. आमच्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. गव्हाण त्याच्या गोठ्यात आहेच. मूठभर कुटार पसरले की देखावा तयार. गरिबाचे मूल गोठ्यात जन्मले, ही गोष्ट त्याला परकी वाटेलच कशी?

नाताळच्या झाडावर बर्फ म्हणून आपल्याकडे कापूस चिकटवतात. येथे आमची खरी तक्रार आहे. डिसेंबर म्हणजे जिनांचा ऐन हंगाम. आमच्या उमेदीच्या काळात एका जिनातील ख्रिस्ती मजुराने २५ डिसेंबरची सुटी मागितली. उत्तर मिळाले, "खाडा झाला तर रोजी नाही." तो कामावर आला. ज्या रुईचा बर्फ दुसऱ्यांच्या घरी पडला, ती त्याने रेच्यावर काढली. आणि त्याच्या दारावरचा कंदील मुलांनी बापावाचून टांगला. आम्ही भांडलो, त्या वर्षी काही हाती लागले नाही. पुढल्या वर्षी मात्र त्याच्या हिंदू आणि बौद्ध सोबत्यांनी त्याची पाळी आपसांत वाटून घेतली.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्याने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती कोणा एका धर्माची सुटी नव्हती. माणसाला घरी राहण्याचा तो हक्क होता. घर सजवायला कागद थोडा लागतो, बांबूच्या कामट्या थोड्या लागतात. वेळ मात्र पुरा एक दिवस लागतो. तो दिवस ज्याच्या त्याच्या सणाला, भर पगारी, मिळाला पाहिजे. दिवाळीला तसा, ईदेला तसा, तसाच नाताळलाही. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.