पुंज सिद्धांताचा प्रायोगिक उगम

पुंज सिद्धांत माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये मांडला. त्याचा पाया मात्र बर्लिनमधील प्रयोगशाळांत झालेल्या उष्णता प्रारणाच्या सूक्ष्म मापनांनी घातला गेला. आपाती प्रारण पूर्णपणे शोषणाऱ्या कृष्ण पदार्थाचे प्रारण हे त्याच्या द्रव्यावर अवलंबून नसून केवळ तापमान व तरंगलांबी यांवर अवलंबून असते, असे जी. आर. किरखोफ यांनी १८५९–६० मध्ये दाखविले होते. हा संबंध नेमका कोणता, हा प्रश्न पुढे चाळीस वर्षे अनिर्णित राहिला.

शार्लोटेनबुर्क येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन राष्ट्रीय भौतिकीय-तांत्रिक संस्थेस वायूच्या व विजेच्या दिव्यांच्या तुलनेसाठी दीपन तीव्रतेचे खात्रीचे मानक हवे होते. या व्यावहारिक गरजेतूनच पुढील संशोधन निघाले, हे लक्षणीय आहे. व्हिल्हेल्म वीन व ओटो लुमर यांनी १८९५ मध्ये लहान छिद्र असलेली तप्त पोकळी हीच कृष्ण पदार्थ म्हणून वापरण्याचे सुचविले. १८९८ मध्ये लुमर व फेर्डिनांट कुर्लबाउम यांनी विजेने तापविलेल्या प्लॅटिनमाच्या नळकांड्यात अशी पोकळी तयार केली.

वीन यांचे १८९६ मधील सूत्र लघू तरंगलांब्यांना उत्तम लागू पडे. परंतु लुमर व एर्न्स्ट प्रिंग्सहाइम यांना १८९९–१९०० मध्ये दीर्घ तरंगलांब्यांना त्यापासून पद्धतशीर विचलन आढळले. निर्णायक पुरावा हाइन्रिख रूबेन्स व कुर्लबाउम यांनी दिला. काही स्फटिक दूरच्या अवरक्त प्रारणातील विशिष्ट तरंगलांब्याच तीव्रतेने परावर्तित करतात. त्यांवरून वारंवार परावर्तन घडविल्यास इतर प्रारण नाहीसे होऊन ‘अवशिष्ट किरण’ तेवढे उरतात. सैंधवाच्या साहाय्याने मिळालेल्या ५१·२ मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांची तीव्रता उच्च तापमानास निरपेक्ष तापमानाबरोबर जवळजवळ रेषीय रीतीने वाढत जाते, असे त्यांना दिसले. वीन यांच्या सूत्रानुसार ती एका मर्यादेकडे झुकावयास हवी होती.

७ ऑक्टोबर १९०० रोजी रूबेन्स यांनी हा निष्कर्ष प्लांक यांना त्यांच्या घरी सांगितला. प्लांक यांनी त्याच सायंकाळी दोन्ही टोकांस जुळणारे सूत्र शोधले व १९ ऑक्टोबर रोजी जर्मन भौतिकी सभेत मांडले. रूबेन्स यांनी लगेच आपली मापने त्याच्याशी ताडून पाहिली व ती उत्तम जुळली. त्यानंतर सूत्राला सैद्धांतिक आधार देताना, आंदोलकांची ऊर्जा त्यांच्या कंप्रतेच्या प्रमाणात असलेल्या सांत अंशांतच विभागलेली आहे, असे प्लांक यांना गृहीत धरावे लागले (१४ डिसेंबर १९००). या मापनांवरून त्यांनी काढलेले स्थिरांकाचे मूल्य आजच्या मूल्याहून सु. एक टक्क्यानेच कमी होते.

पाठ्यपुस्तकांत बहुधा ‘जंबुपार अनर्थ’ टाळण्यासाठी प्लांक यांनी पुंजांची कल्पना केली असे सांगितले जाते. ते इतिहासाला धरून नाही. ही संज्ञा पाउल एरेनफेस्ट यांनी १९११ मध्ये वापरली. प्लांक यांच्यापुढील अडचण वर्णपटाच्या दुसऱ्या, म्हणजे अवरक्त टोकाची होती. शिवाय प्रकाश स्वतःच पुंजरूप आहे, असे प्लांक यांनी म्हटले नव्हते. ते पाऊल आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये उचलले आणि त्यांच्या प्रकाशविद्युत् समीकरणाची प्रायोगिक सत्यता रॉबर्ट मिलिकन यांच्या १९१६ मधील मापनांनी प्रस्थापित झाली.