सी, डी आणि सातबारा

हार्ड डिस्क उघडून पाहिली तर सी ड्राइव्ह कुठे संपतो आणि डी कुठे सुरू होतो, हे दाखवणारी एकही रेघ सापडत नाही. तबकडी आरशासारखी सलग असते. भिंत असते ती फक्त नोंदीत. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ६४ बाइटचा एक तक्ता असतो. त्यात प्रत्येकी १६ बाइटच्या चार ओळी: हिस्सा कुठल्या प्रकारचा, कुठून सुरू, किती लांब. बस्स, एवढ्यावर सगळी वाटणी उभी.

गावाकडे जमीन असलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. शेतही सलगच असतं. बांध तर नांगरताना सरकतो, म्हणून तर भांडणं होतात. शेवटी विचारलं जातं ते मोजणीच्या नकाशाला आणि सातबाऱ्याला. भावाभावांत वाटणी झाली की फेरफार पडतो, माती मात्र तसूभरही हलत नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि राहतो कात्रपला, बदलापूर पूर्वेला. त्यामुळे डिस्कच्या वाटणीचा इतिहास वाचताना मला १९८३ हे साल दोनदा भेटलं. त्या वर्षी मार्चमध्ये आयबीएमने पीसी एक्सटी बाजारात आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती, म्हणजे आजच्या फोनवरचे दोन-चार फोटो. सोबत आलेल्या डॉस २.० मध्ये हा चार ओळींचा तक्ता होता. एवढ्याशा डिस्कची वाटणी कशाला? तर एकाच मशीनवर दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात म्हणून. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीने आधीच घेतली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं. फ्लॉपी गेली, अक्षर राहिलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कल्याण महानगरपालिका झाली आणि बदलापूर तिच्या हद्दीत गेलं. १९९२ मध्ये बदलापूर पुन्हा बाहेर आलं आणि कुळगाव-बदलापूरची नगरपालिका वेगळी झाली. माणसं तिथेच होती, विहिरी तिथेच होत्या. बदलली ती नोंद. पण नोंद बदलली की कर कुठे भरायचा, पाणी कुणाकडे मागायचं हेही बदलतं. म्हणून ‘नुसता कागदच तर आहे’ असं कुणी म्हटलं की मी सावध होतो.

डिस्क मोठ्या होत गेल्या तशी वाटणी हौसेची न राहता सक्तीची झाली. डॉस एका हिस्स्यात ३२ एमबीपेक्षा जास्त मोजूच शकत नव्हतं, कारण सेक्टरांची संख्या १६ बिटांत बसवलेली होती. म्हणून १९८७ च्या डॉस ३.३ ने एका हिस्स्याच्या पोटात आणखी हिस्से करायची सोय दिली. पुढे मर्यादा २ जीबीवर गेली, पण त्या टोकाला एका ओळीची चिठ्ठीसुद्धा ३२ केबी जागा अडवायची. १९९६ मध्ये फॅट-३२ आलं आणि हा अपव्यय कमी झाला.

आपल्याकडे घरोघरी कॉम्प्युटर आले ते यानंतर. असेंबल केलेला डबा, एक्सपी आणि ४० किंवा ८० जीबीची डिस्क. जोडून देणारा माणूस न विचारता तिचे तीन-चार तुकडे करायचा. सी विंडोजला, डी कामाला, ई गाण्यांना, एफ सिनेमांना. त्यामागे अनुभव होता. व्हायरस आला की दुरुस्तीवाल्याचं एकच वाक्य, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ सी पुसला जायचा आणि डी वाचायचा. आमच्या डीवर सोसायटीचे हिशेब होते आणि ताईच्या लग्नाचे फोटो.

अडचण अशी की वाटणी पहिल्या दिवशी व्हायची आणि गरज पुढे बदलायची. आमचा सी १० जीबीचा होता. दोन वर्षांत तो तुडुंब भरला आणि शेजारचा ई रिकामा पडून राहिला. सी वाढवायचा तर त्याला लागूनच मोकळी जागा हवी, आणि तिथे तर डी बसलेला. म्हणजे आधी ई मागून आवरायचा, मग अख्खा डी, फोटोंसकट, उचलून पुढे सरकवायचा, तेव्हा कुठे सीला जागा. एक्सपीमध्ये याची सोयच नव्हती. ती विंडोजमध्ये व्हिस्टापासून आली, तीही शेवटाकडून आक्रसण्या-वाढवण्यापुरती. त्याआधी पार्टिशन मॅजिक विकत घ्या किंवा जीपार्टेडची फुकट सीडी लावा.

या कामात क्रम चुकून चालत नाही. हिस्सा लहान करताना आधी आतल्या फाइल आवरायच्या, मग भिंत अलीकडे घ्यायची. मोठा करताना उलट: आधी भिंत पलीकडे, मग आत पसरायचं. आणि डी सरकवताना मधेच वीज गेली तर? अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या, आणि नोंद कुठल्या तरी एकाच बाजूची.

तेव्हा मुंबईत लोडशेडिंग नव्हतं, आमच्याकडे होतं. वरच्या मजल्यावरचा दादा सीडी घेऊन आला, तेव्हा त्याने बाबांना पहिला प्रश्न डिस्कचा विचारला नाही. ‘काका, रात्रीची लाईट जाते का हो?’ बाबांनी कपाटाच्या दाराला चिकटवलेलं वेळापत्रक दाखवलं. संध्याकाळची पाळी उरकल्यावर काम सुरू झालं आणि पहाटे संपलं. फोटो जागेवर होते. पुढे कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना कळलं, दादाचा तो प्रश्नच त्या कामातला सगळ्यात तांत्रिक प्रश्न होता.

वाटणी फक्त नोंदीत असते याचा एक दिलासाही आहे. पार्टिशन चुकून उडवलं तरी त्या क्षणी गेलेली असते ती तक्त्यातली ओळ. त्यावर नवं काही लिहिलं नसेल तर टेस्टडिस्कसारखं साधन हद्दीच्या खुणा शोधून ओळ परत लिहू शकतं. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही.

जुना तक्ता अखेर अडला तो आकड्यापाशीच. ३२ बिटांत ५१२ बाइटचे सेक्टर मोजले की हिशेब साधारण २ टीबीपाशी संपतो. त्याची जागा जीपीटीने घेतली. विंडोजच्या पद्धतीत तिच्यात १२८ ओळी बसतात, आणि मुख्य म्हणजे तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. हे शहाणपण पहिल्या तक्त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्यातही डझनभर तरी पार्टिशन असतील. दाखवत नाहीत इतकंच. अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनमध्ये सिस्टिमचे दोन जोड हिस्से असतात. एकावर फोन चालतो, दुसऱ्यावर अपडेट उतरतं. अँड्रॉइड १० पासून या सिस्टिमच्या हिस्स्यांच्या भिंती अपडेटसोबत सरकूही शकतात. जे काम दादाने रात्र जागून केलं, ते फोन आता तुम्ही झोपेत असताना करतो.

पण ही सगळी काळजी सिस्टिमची. तुमचे फोटो, चॅट, आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज हे सगळं एकाच हिस्स्यात असतं आणि फॅक्टरी रिसेट तोच पुसतो. फोनला डी नाही.

खरं तर डीसुद्धा अर्धाच आधार होता. तो फॉरमॅटपासून वाचवायचा, डिस्क मेल्यावर नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली. पाण्याला सी कुठला आणि डी कुठला हे कळत नाही. एकाच घरात भिंत घातली म्हणून दुसरं घर होत नाही. दुसरी प्रत म्हणजे दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत: वेगळी डिस्क, शक्यतो वेगळ्या पत्त्यावर. ताईच्या लग्नाचे फोटो आता तीन ठिकाणी आहेत, आणि त्यातलं एक ठिकाण कात्रपच्या बाहेर आहे.